सागावरची पाकोळी

माझ्या नोकरीत ज्या प्राण्याने मला सगळ्यात जास्त दमवलं, तो माझ्या करंगळीच्या पेराएवढा होता. लग्नकार्यात हे सांगितलं की लोक हसतात आणि मग विचारतात, "ते राहू द्या हो, बिबट्या पाहिलात की नाही?" पाहिला. जीपमधून, लांबून पाहिला, आणि त्याला माझ्यात काडीचा रस नव्हता. तो रस्ता ओलांडून गेला, आम्ही चहाला गेलो. जंगल खात्यातल्या माणसाची बिबट्याची गोष्ट बहुतेक वेळा एवढीच असते.

वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत गेली. वनपाल झाल्यावर घरी पेढे वाटले, पण गावागावांत मी शेवटपर्यंत 'गार्ड'च राहिलो. लोकांना वाटतं, आम्ही काठी घेऊन झाडं राखत बसतो. खरं तर निम्मी नोकरी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात जाते. माळ्यावर साप शिरला, गार्डला बोलवा. माकडांनी कौलं फोडली, गार्डला बोलवा. एकदा सकाळी धाटावच्या एका कंपनीच्या गेटवरून फोन आला, की बिबट्या बसलाय आणि शिफ्ट सुटलेली माणसं आत अडकलीत. मोटरसायकल पिटाळत गेलो. गेटसमोर गेटवरचाच कुत्रा बसला होता, चिखलात लोळून आलेला. अंगावर ठिपके होते, हे मात्र खरं. सगळे मग त्यालाच शिव्या देत आपापल्या बसमध्ये चढले.

पण सांगायचं आहे ते पाकोळीबद्दल. पुस्तकात तिला पतंग म्हणतात. फुलपाखराची ही जवळची बहीण. दिवसा बहुतेक गप्प बसते, अंधार पडला की उडते, आणि दिवा दिसला की खुळ्यासारखी त्याच्याभोवती फिरते. आपल्या रानात फुलपाखरांपेक्षा पाकोळ्या कितीतरी जास्त. तरी त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

मला बघायला लावलं हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्याने. तिकडे मूर्ती जिथे घडतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. गणपती तोंडावर आलेले, रंगकाम जोरात, आणि कारखान्याचे मालक नाना यांचा फोन, "गार्डसाहेब, काम बंद पडलंय, ताबडतोब या." गेलो तर एका मोठ्या मूर्तीच्या सोंडेवर पाकोळी बसलेली. माझे दोन्ही पंजे जोडून धरले तरी झाकली नसती एवढी. रंग विटकरी, आणि वरच्या पंखांची टोकं सापाच्या तोंडासारखी. कारखान्यातल्या बाया हात जोडून उभ्या. तिला हाकलायची कोणाची छाती होईना. कोणीतरी तिच्यासमोर वाटीत साखर ठेवली होती.

खात्यातल्या एका सहकाऱ्याने मला रोह्याच्या प्रधान मॅडमचा नंबर दिला. मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या. फोटो पाठवला. मिनिटभरात त्यांचा फोन आला. "अ‍ॅटलस पतंग आहे. मादी आहे. दिव्याला भुलून आली बिचारी. तिला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्याच्यावर थोडे दिवस जगते, अंडी घालते आणि जाते. कागदावर अलगद घ्या आणि बाहेर झाडावर ठेवा."

मी नानांना सांगितलं. नाना विचारात पडले. "तोंड नाय? मग साखरेचा काय करायचा?"

"बायांना वाटा," मी म्हटलं.

साखर वाटली गेली, पाकोळी आंब्यावर गेली, रंगकाम सुरू झालं. त्या दिवसापासून मला एक सवय लागली. काही नवं दिसलं की फोटो काढायचा आणि मॅडमना पाठवायचा. त्या कधीही कंटाळल्या नाहीत. उलट मी आठवडाभर काही पाठवलं नाही तर विचारायच्या, "काय हो, जंगल संपलं का?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्याआधी आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

साग तुमच्या स्वतःच्या जमिनीत असला, तुमच्या बापाने लावलेला असला, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज करायचा, मग आमच्यापैकी कोणीतरी जाऊन झाडं बघायची आणि हातोडा मारायचा. हा हातोडा सरकारी असतो. त्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली असतात. खोडाच्या बुडाशी कोयत्याने साल तासायची आणि उघड्या लाकडावर एक ठोका द्यायचा. अक्षरं उमटतात. ठोका बसलेलंच झाड तोडायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. झाला कायदा.

पण गावाकडे याच्यावर आणखी एक रीत आहे, जी कुठल्या कायद्यात नाही. हातोडा बसला की झाड विकलं गेलं. व्यापाऱ्याने मग सौद्यातून मागे सरायचं नाही आणि मालकाने शब्द फिरवायचा नाही. झाड अजून महिनोन्‌महिने उभं राहणार असलं, तरी मालक त्याला गुरं बांधत नाही, त्याची फांदी तोडत नाही. ते परक्याचं झालं. आपण मुलगी दिली की परत मागत नाही, तसंच हे, असं मला एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं. त्यामुळे हातोडा उचलताना माझा हात दर वेळी थोडा जड व्हायचा.

गागोदे बुद्रुकच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथून यशोदाबाईंचा अर्ज आला. दिवस भर पावसाळ्याचे, भातलावणीचे. 'साग वाळल्यामुळे तोडण्याची परवानगी मिळावी' असा अर्ज. मला नवल वाटलं. पावसाळ्यात साग वाळतो कसा? त्या दिवसांत सागाची पानं सुपाएवढी होतात, खाली उभं राहिलं तर छत्री लागत नाही.

घराच्या मागे चढणीवर त्यांची वरकस जमीन होती. भात होत नाही अशी, नाचणी-वरीची. तिथे त्यांच्या नवऱ्याने साग लावला होता. मुलगी सुरेखा झाली त्या पावसाळ्यात लावला. "पोरीच्या घराची दारां माज्या सागाची व्हतील," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आदल्या वर्षी तो वारला. सुरेखा रोह्याला दिलेली, जावई धाटावला कंपनीत शिफ्टला. त्यांचं घर अजून भाड्याचं होतं. बाईंना या जगात दुसरं काही नको होतं. नवऱ्याचा तेवढा शब्द खरा व्हावा, एवढंच.

मी वर चढून गेलो आणि थांबलो. जवळजवळ सगळी झाडं उघडी. भर पावसात, शिमग्यात असतात तशी उभी. चारी बाजूंना हिरवंगार रान आणि मध्ये हे खराटे.

यशोदाबाई पदर खोचून उभ्या होत्या, लावणीतून तशाच आलेल्या, पायांना चिखल. सुरेखा माहेरी आली होती. शेजारचा एक म्हातारा आला होता. आणि पेणच्या वखारीचे शेठ आले होते, एका खोडाला टेकून मोबाइल बघत.

"बघा गार्डसाहेब," यशोदाबाई म्हणाल्या. "व्हती तेवढी पानां गेली. औंदा राखण दिली नाय, त्याचा हा असा झाला."

आमच्याकडे पेरणीच्या सुमाराला रानाच्या राखणदाराला नारळ, कुठे कोंबडा देतात. ती राखण. घरात वर्ष सरायचं होतं म्हणून त्यांनी यंदा दिली नव्हती, आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

"राखण कसली नि काय कसला," म्हातारा म्हणाला. "कंपनीचा गॅस हाय हा. वाऱ्यावर येतो. पानां जाळून टाकतो."

सुरेखा उसळली. "काका, आमच्या ह्यांची कंपनी हाय ती. नि तिकडचा साग हिरवा हाय, मी बघून आलेय. गॅस काय रस्ता सोडून तुमच्याच गावात उतरतो?"

कंपन्या काय सोडतात नि काय नाही यावर मला वेगळा लेख लिहावा लागेल. पण या बाबतीत पोरीचं म्हणणं बरोबर होतं. येताना वाटेतले साग मीही पाहिले होते.

शेठनी मोबाइल खिशात घातला. "गार्ड, दोघांचंही ऐकू नका. इकडे या." त्यांनी झाडाच्या बुंध्याशी बोट दाखवलं. खाली बारीक काळसर भुगा पडलेला. "हा भुसा बघा. किडा खोडात शिरलाय. आतून पोखरतोय. आज ठोका मारा, पाऊस उघडला की मी तोडून नेतो. पुढच्या वर्षापर्यंत ठेवलात तर चुलीत घालायच्या लायकीचा राहील. मी बाईंच्या भल्याचं सांगतोय."

शेठ तसे वाईट माणूस नव्हते. खोड पोखरणारा किडा सागाला लागतो, आणि लागला तर ते म्हणत होते तसंच होतं. यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. मी काय सांगेन ते त्या मानणार होत्या, आणि मला काही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पाऊस थांबला. ऊन पडलं. पण पावसाचा आवाज काही थांबला नाही. टिपटिप, टिपटिप, बारीक, सतत.

"आयकताव ना?" यशोदाबाई हळूच म्हणाल्या. "आठ दिस झाले. पाऊस नसला तरी आवाज येतो. झाडां रडतात."

मग माझ्या टोपीवर काहीतरी पडलं, हातावर पडलं. बघतो तर काळा दाणा, मोहरीपेक्षा जरा मोठा. मी तो बोटांत चुरडला. बोटं हिरवी झाली. लाकडाच्या भुशाने बोटं हिरवी होत नाहीत. शेठनी दाखवलेला भुगा उचलला, तळहातावर पाणी घेऊन भिजवला. लाकूड पाण्यावर तरंगलं असतं. हा भिजून विरघळला आणि त्याला कापलेल्या गवताचा वास आला.

आवाजाच्या मागे गेलो. कडेला काही झाडांवर अजून पानं शिल्लक होती. मान वर केली. पानापानावर अळ्या. काळपट, अंगावर उभ्या रेघा. पानाची कड कापून, ती दुमडून, आपलं घर करून आत बसायचं आणि बसल्या जागी खात सुटायचं. काही अळ्या रेशमी धाग्यावर लोंबत खाली येत होत्या. जो आवाज येत होता तो त्यांच्या विष्ठेचा. हजारो अळ्या एकदम जेवत होत्या आणि वरून दाणे पडत होते.

"मावशी, झाडं रडत नाहीत," मी म्हटलं. "कोणीतरी जेवतंय."

सुरेखा हसली, यशोदाबाई नाही. "पण झाडां जगतील का, ता सांगा."

तेच मला सांगता येत नव्हतं. सरकारी जंगलात मी साग असा उघडा झालेला पाहिला होता आणि पुन्हा हिरवा झालेलाही पाहिला होता. पण तिथे एखादं झाड मेलं तरी कोणाचं घर अडत नाही, त्यामुळे कधी मुळाशी गेलो नव्हतो. आणि आता तर एक ठोका मारायचा अवकाश, झाडं परकी होणार होती.

शेठ घाईला आले. "गार्ड, कोयता देऊ का साल तासायला?"

हातोडा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. चांगला वजनदार असतो, पट्टा खांद्यात रुतत होता. मी पिशवीवर हात ठेवला आणि म्हटलं, "शेठ, हातोडा ऑफिसात राहिला."

"राहिला? अहो, मार्किंगला आलात ना?"

"वय झालं."

शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "गार्ड हातोडा विसरला म्हणजे भटजी मंत्र विसरला." खाली उतरून, गाडी सुरू करून ते निघून गेले. म्हातारा हसत खाली उतरला. यशोदाबाईंनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं, आणि सुरेखाला म्हणाल्या, "जा गो, गार्डसाहेबांना चाय ठेव."

चहा होईपर्यंत मी झाडाखालच्या झुडपांत शोधत बसलो. दुमडलेल्या पानांत कोष सापडले. अळी पोटभर खाऊन झाली की अशीच एखाद्या पानात गुंडाळून घेते आणि आत पाकोळी होते. मी दुपारचा डबा रिकामा केला, त्यात पाचोळा आणि कोष ठेवले, वर रुमाल बांधला. घरी बायकोने डबा घासायला घेतला आणि रुमाल सोडला. त्यानंतर तिने त्या डब्यात मला कधीही भाजी दिली नाही. आजही तो आमच्या माळ्यावर खिळे ठेवायला आहे.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला. "पानाचं काय उरलंय? जाळी उरलीय की नुसत्या जाड शिरा?"

"मधली शीर आणि मोठे फाटे. बाकी साफ."

"मग बरं आहे. सागाच्या पानावर दोन पाकोळ्यांचा हक्क असतो. एक जाळीवाली. ती दोन शिरांमधलं तेवढं खरवडून खाते, पान लेससारखं दिसतं. ती बहुतेक पावसाच्या शेवटी येते. दुसरी ही, सगळं फस्त करणारी. ही कोवळ्या पानांवर सुरुवातीलाच येते. ही असेल तर झाड आपल्या पोटात साठवलेल्यातून पुन्हा पानं काढतं. त्या वर्षीची जाडी बुडते, पण झाड मरत नाही."

"म्हणजे मी बाईंना सांगू?"

"अळ्या बऱ्याच सारख्या दिसतात हो. पाकोळी निघू दे. तिला बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

सुरेखाच्या नवऱ्याचाही फोन आला. चांगला मुलगा. म्हणाला, फवारणीचा पंप आणतो, औषध मारू. मी त्याला थांबवलं. अळ्यांचं जेवण संपत आलं होतं, आता औषध मारून काय साधणार? आणि त्या अळ्यांवर कोतवाल, साळुंख्या, गांधीलमाशा सगळे तुटून पडले होते. औषधाने तेच आधी मेले असते.

त्यानंतर मी रोज सकाळी उठून आधी डबा बघायचो. बायको म्हणाली, "पोरं झाली तेव्हा एवढी काळजी नव्हती." खरं होतं ते. एखाद्या आठवड्याने रुमालाच्या आतल्या बाजूला एक पाकोळी चिकटलेली दिसली. मातकट, राखाडी, पंख कौलारू छपराच्या दोन पाख्यांसारखे अंगावर मिटलेले. माझा हिरमोड झाला. असल्या मातकट पाकोळ्या माझ्या पडवीतल्या दिव्यावर रोज येतात. हिला ओळखायचं कसं?

डबा घेऊन एसटीने रोह्याला गेलो. मॅडमनी चष्मा वर केला, वाळकं गवत घेतलं आणि त्याच्या टोकाने पाकोळीचा वरचा पंख अगदी हलकेच बाजूला सारला. आत केशरी. काळ्या पट्ट्यांत झगझगीत केशरी रंग, झेंडूच्या फुलासारखा. बाहेरून मातीची आणि आतून ही अशी.

"हीच," मॅडम म्हणाल्या. "बसलेली असली की पाचोळ्यात दिसत नाही. कोणी छेडलं की पंख उघडते, समोरचा दचकतो, तेवढ्यात ही पसार. आता या सगळ्या एकदम निघतील आणि थव्याने दुसरीकडे जातील. कोवळा साग जिथे असेल तिथे. तुमच्या बाईंच्या झाडांवर आता कोवळं काही उरलंच नाही, तर थांबतील कशाला?" मग गवत खाली ठेवून त्या म्हणाल्या, "झाडं जगतील. ही माझी सही."

मला रडू आलं. मॅडमनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून चहा टाकायला उठल्या. चहा पिऊन आम्ही दोघांनी डबा अंगणात उघडला. पाकोळी थोडा वेळ काठावर बसली आणि गेली.

पंधरवड्याने मी यशोदाबाईंच्या गावी गेलो. शेठनाही निरोप दिला होता, तेही आले. मॅडमची सही होती, पण झाडांची सही अजून व्हायची होती.

वर पोचलो तर फांदीफांदीच्या टोकाला तांबूस कोंब. बोटभर, काही वीतभर. मी एका खालच्या फांदीचं कोवळं पान तोडलं आणि यशोदाबाईंना म्हटलं, "मावशी, हात पुढे करा."

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. आमच्याकडची सगळी पोरं हा खेळ खेळतात. यशोदाबाईही लहानपणी खेळल्या असणार. त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच चोळलं. तळहात लालभडक झाला. नवरा गेल्यापासून त्या हातांनी त्या कुंकवाला शिवल्या नव्हत्या. त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो तसाच झाडाच्या सालीवर टेकवला.

"जीव हाय," त्या म्हणाल्या. "हाय ह्यांच्यात जीव."

सुरेखा तोंड फिरवून डोळे पुसत होती. शेठ कोंबांकडे बघत उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "गार्ड, तुमच्या पाकोळीनं माझा सौदा खाल्ला की." पण हसत म्हणाले. व्यापारी माणूस, तरी त्या दिवशी त्यांनाही बरं वाटलं असावं.

मी मोठ्या हौशीने पाकोळीची सगळी हकिगत सांगितली. कोष, केशरी पंख, थवा, सगळं. यशोदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय, पाकोळीचा तुमी सांगताव तसाच असेल. पण तुमी गेलाव नि दुसऱ्या दिशी मी राखण दिली. नारळ फोडला. तवापासून आवाज बंद झाला."

आवाज बंद झाला तो अळ्या कोषात गेल्या म्हणून. पण त्या बाईने वर्षभराचं मनावरचं ओझं त्या नारळाबरोबर उतरवलं होतं, तेही खरंच होतं. श्रेय आम्ही वाटून घेतलं. थोडं राखणदाराला, थोडं मॅडमना, आणि उरलेलं खोबरं मी खाल्लं.

त्यानंतर सागाची पाकोळी मला सगळीकडे दिसायला लागली. पेणच्या एसटी स्टँडवरच्या ट्यूबलाइटखाली, ऑफिसच्या खिडकीत, बायकोच्या तुळशीवर. दिसली की मी काडीने पंख सारून बघतो. केशरी दिसलं की दिवस बरा जातो. वाईट एवढंच वाटतं, की सागाच्या काही टेकड्या आता फार्महाऊसच्या प्लॉटमध्ये गेल्या. तिथे दिवे भरपूर आहेत, पाकोळ्या कमी. मॅडम पुण्याला मुलीकडे असतात. फोटो अजूनही पाठवतो. त्या अजूनही विचारतात, जंगल संपलं का. मी अजून नाही म्हणून कळवतो. एवढं शिकवणारं माणूस मला नोकरीच्या उतरणीला भेटलं, आणि पगार घेत घेत शिकायला मिळालं. याहून जास्त नोकरीने काय द्यायचं असतं?

नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात यशोदाबाईंचा पुन्हा अर्ज आला. सुरेखा आणि जावयाने रोह्याजवळ जागा घेतली होती, जोतं झालं होतं. दाराच्या चौकटींपुरती झाडं तोडायची होती, बाकीची राहणार होती. मी पिशवी घेऊन निघालो. खरं म्हणजे दुसऱ्या कोणालाही पाठवता आलं असतं.

झाडं भरली होती. कोणती द्यायची ते यशोदाबाईंनी आधीच ठरवलं होतं. पहिल्या झाडाशी मी खाली बसलो, साल तासली आणि पिशवीत हात घातला. त्या शेजारी उभ्या होत्या, थोड्या वाकलेल्या, पण डोळे तेच.

"आणलाव ना या येळी?"

"आणलाय, मावशी."

"त्या येळीबी व्हता." त्या शांतपणे म्हणाल्या. "पिशवीतनं दांडा दिसत व्हता."

माझा हात पिशवीतच राहिला. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या दिवशी मी एकट्यानेच खोटं बोललो. शेठ समोर होते. ही एक शब्द बोलली असती तर माझी अब्रू गेली असती, आणि झाडंही गेली असती.

"मग तेव्हा बोललात का नाही?"

"तुमी माज्यासाठी विसरलाव. मग मी बघितलाच नाय." पदराने हात पुसून त्यांनी तो सालीवर ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसा. थोडा वेळ ठेवला, मग काढून घेतला आणि मागे सरकल्या.

मला हातोडा उचलवेना. तो नेहमीसारखाच जड होता, तरी उचलवेना.

"मारा आता," यशोदाबाई म्हणाल्या. "नि हलक्या हातानं नको. नीट मारा. सुरेखाच्या दाराचा लाकूड हाय."